वहिनीचा अंगठा

पायावरची सूज नुसती बघून कळत नाही. घोट्याच्या जरा वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवायचा, काही सेकंद दाबून धरायचा आणि मग सोडायचा. खळगा पडला आणि तो लगेच भरून आला नाही, तर अंगात पाणी साठतंय असं समजायचं. ज्यांचं हृदय थकलंय अशा पेशंटच्या बाबतीत एवढीशी गोष्ट डॉक्टरांना खूप काही सांगून जाते. खळगा किती खोल गेला, किती वेळ टिकला, सूज घोट्यापाशीच आहे की वर चढलीये, यावर जादा पाणी बाहेर काढणारी लघवीची गोळी वाढवायची की आहे तेवढीच ठेवायची हे बरंचसं ठरतं. आणि नेमकी हीच गोष्ट व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना स्वतःच्या हाताने करता येत नाही.

आमच्याकडे ती वहिनी करते.

आई गावी असते, रत्नागिरी जिल्ह्यात, साखरप्याच्या अलीकडे. दादा-वहिनी तिच्याबरोबर. मी पुण्यात, आणि आईचे हृदयाचे डॉक्टर कोल्हापुरात. आमच्या भागातून कोल्हापूर गाठायचं म्हणजे आंबा घाट चढायचा. आईला गाडी लागते. पहाटे पोटात काही न घालता निघायचं, हातात आवळासुपारीची डबी आणि प्लॅस्टिकची पिशवी. मलकापूर येईपर्यंत ती पार गळून गेलेली असायची. तशीच दवाखान्यातल्या बाकावर बसायची, नंबर लागेपर्यंत दुपार व्हायची. आत बीपी मोजलं की चढलेलं. ते आजाराने चढलंय की घाटाने, हे डॉक्टर तरी कसं सांगणार? दादाच्या कामाचा खाडा, गाडीचं भाडं, बाहेरचं खाणं, आणि परतताना पुन्हा तोच घाट. पावसाळ्यात दरड आली की तोही रस्ता बंद. अशा पेशंटची तपासणी वारंवार व्हायला हवी, आणि वारंवार जाणं तर तिला झेपत नाही, अशा कात्रीत आम्ही बरीच वर्षं होतो.

त्यामुळे व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवण्याचे फायदे मला कुणी समजावून सांगायला नकोत. ते माझ्या आईच्या चेहऱ्यावर दिसतात. पण या सोयीबद्दल जे बोललं जातं त्यात एक माणूस कायम राहून जातो. जाहिरातीत एका चौकटीत डॉक्टर असतात, दुसऱ्या चौकटीत पेशंट. प्रत्यक्षात फोन धरायला, उजेड बघायला, पाय दाबायला, गोळीची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायला तिसरं कुणीतरी लागतं. आजारी, म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर लागतंच. हा तिसरा माणूस कसा आहे, त्याला काय शिकवलंय आणि तो आहे तरी का, यावर तो कॉल उपयोगाचा की धोक्याचा हे ठरतं, असं माझं आता पक्कं मत झालंय.

आमचा कॉल कसा होतो ते सांगते. वहिनीची एक दोनशे पानी वही आहे. रोज सकाळी आई संडासला जाऊन आली की चहाच्या आधी काट्यावर उभी राहायची, वहिनी आकडा लिहिणार. मग खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं आणि बीपी. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं तर कॉलच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा, हे डॉक्टरांनी तिला बजावून ठेवलंय, कारण एवढ्या झटपट अंगावर मांस चढत नाही, पाणीच चढतं. रक्त तपासायला देवरुखला दिलं की पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे रक्तातल्या क्षाराचा आणि किडनीच्या कामाचा, रिपोर्ट दादाच्या व्हॉट्सॲपवर येतो, तो आधीच पुढे पाठवलेला असतो. म्हणजे कॉल लागतो तेव्हा निम्मं काम झालेलं असतं.

मग पाय. सुरुवातीला वहिनी मोबाइलचा टॉर्च लावून पाय दाखवायची. समोरून उजेड पडला की खळगा दिसेनासाच होतो, सगळा पाय एकसारखा पांढरा दिसतो. डॉक्टरांनी सांगितलं, “ताई, टॉर्च बंद करा. मावशींना खिडकीपाशी बसवा, उजेड बाजूने येऊ दे.” बाजूच्या उजेडात खळग्याच्या कडेला सावली धरते आणि तो स्पष्ट दिसतो. “पोटरीवर नको, हाडावर दाबा. मी म्हणेन तेव्हा सोडा.” वहिनी दाबून धरते. डॉक्टर पलीकडे मनात आकडे मोजत असतात, आम्ही सगळे गप्प. “सोडा.” मग तो खळगा हळूहळू भरत येईपर्यंत कॅमेरा तिथेच. आता वहिनीला इतका सराव झालाय की डॉक्टरांनी विचारायच्या आत ती सांगते, “मागच्या वेळेपेक्षा कमी आहे, पण डाव्या पायाला अजून आहे.” ती बारावी शिकलेली, घर आणि काजूची बाग बघणारी बाई. तिच्या अंगठ्याला काय जाणवलं यावर कोल्हापुरात बसलेला एक तज्ज्ञ औषधाचा डोस बदलतो.

काही गोष्टी मात्र डॉक्टर हात न लावताही ओळखतात, आणि त्या बघताना मला त्यांच्या कामाबद्दल फार आदर वाटतो. ते आईला विचारतात, “आज काय केलंत जेवायला? सगळं सांगा.” आई कुळथाच्या पिठल्यापासून सुरू करते. पिठल्याची त्यांना चौकशी करायची नसते. वाक्य एका श्वासात पुरं होतंय की मध्येच थांबून दम घ्यावा लागतोय, हे ते ऐकत असतात. मग, “रात्री किती उशा घेता?” एकीवरून दोनवर आल्या असतील तर आडवं पडल्यावर धाप लागते आहे. हे प्रश्न जसे समोर तसेच फोनवरही चालतात. उलट फोनवर एक जास्तीची गोष्ट घडते. डॉक्टरांना घर दिसतं. एकदा आईच्या पाठीमागच्या फळीवर बरण्या दिसल्या. “मावशी, त्यात काय?” खारातल्या मिरच्या, आंबोशी, सुकट. दवाखान्यात ‘मीठ कमी खाता ना?’ या प्रश्नाला आई कायम ‘हो’ म्हणत आली होती, आणि ते खोटंही नव्हतं. ताटात ती वरून मीठ घेत नाही. खारातल्या वस्तूचं मीठ तिने कधी मोजलंच नव्हतं. त्या बरण्या कोल्हापूरच्या दवाखान्यात कधीच दिसल्या नसत्या.

गमावतो काय, तर हात. 1816 मध्ये पॅरिसच्या रेने लायनेक या डॉक्टरला एका तरुण मुलीच्या छातीला कान लावून हृदय ऐकणं अवघड वाटलं, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून तिच्यातून ऐकलं. स्टेथोस्कोपचा जन्म तिथला. पुढे 1905 मध्ये हॉलंडमधल्या लायडनला आइनटहोवेन या शास्त्रज्ञांनी रुग्णालयातल्या पेशंटचे हृदयाचे विद्युत संकेत टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर अंतरावरच्या आपल्या प्रयोगशाळेत आणले आणि तिथे ईसीजी काढला. म्हणजे डॉक्टर आणि पेशंट यांच्यात अंतर येऊ लागलं ते आजचं नाही. ईसीजी तेव्हाही तारेवरून गेला, आणि आज तालुक्याच्या गावातला डॉक्टर त्याचा फोटो काढून शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवतो, तेव्हा झटका आलेल्या माणसाची मोलाची मिनिटं वाचतात. आकडा जातो, आलेख जातो, फोटो जातो, आवाज जातो. फुप्फुसाच्या तळाशी होणारी बारीक करकर साध्या फोनवरून जात नाही. पोट दाबल्यावर ते कडक लागतंय की मऊ, हे जात नाही. हातापायांचा गारठा जात नाही.

रंगही धड जात नाही. रक्त कमी झालंय का हे बघायला डॉक्टर खालची पापणी ओढून आतली लाली बघतात. फोनचा कॅमेरा मात्र चेहरा उजळ आणि तजेलदार दिसावा म्हणून बनवलेला; पिवळ्या बल्बखाली तो रंग आपल्या मनाने सुधारून दाखवतो. पुतण्याच्या फोनवर चेहरा गोरा करणारी सोय चालू होती, तेव्हा आई अगदी टवटवीत दिसत होती. फिकटपणा किंवा कावीळ अशा कॅमेऱ्यावर बघून ‘काही नाही’ म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आणि आईचं स्वतःचं म्हणणं आहेच. तिचा हातगुणावर विश्वास आहे. डॉक्टर पाठीवर स्टेथोस्कोप ठेवतात, दुसरा हात खांद्यावर असतो, “श्वास घ्या मावशी” म्हणतात, तेवढ्याने तिला निम्मं बरं वाटतं. कोल्हापूरला गेलं की अंबाबाईचं दर्शन होतं, तेही तिच्या हिशोबात औषधच असतं. व्हिडिओ कॉल संपला की ती विचारते, “झालं? एवढंच?” तिच्या मते तिला अजून कुणी तपासलेलंच नसतं. या भावनेला मी अडाणीपणा म्हणणार नाही. आजारी माणसाला कुणीतरी जाणत्याने हात लावणं ही त्याची गरज आहे, आणि ती पडद्यावर भागत नाही.

आमच्या घरात मोबाइलला धड रेंज मिळते ती पडवीच्या एका कोपऱ्यात. तिथून रस्ता दिसतो, समोरच्यांचं अंगण दिसतं, येणारा-जाणारा ‘काय, बरं आहे ना?’ म्हणत दोन मिनिटं टेकतो. स्पीकरवर डॉक्टर विचारतात, “लघवी किती वेळा होते? पोट साफ होतं का?” आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई पदर तोंडाशी धरून पुटपुटते. पुढे दादाने वाय-फाय घेतलं आणि फोन माजघरात गेला. त्यानंतरच्या कॉलला डॉक्टरांनी एक गोष्ट केली. शेवटी ते म्हणाले, “आता ताई, तुम्ही जरा बाहेर जा. पुण्याच्या ताई, तुम्हीही कॉल ठेवा. मला मावशींशी बोलायचंय.” आम्ही गेलो. आईने नंतर स्वतःच सांगितलं काय बोलणं झालं ते. लग्नाला, हळदीकुंकवाला किंवा एसटीने कुठे जायचं असेल त्या दिवशी ती लघवीची गोळी घेतच नव्हती. वाटेत बाईमाणसाने जायचं कुठे? डॉक्टर रागावले नाहीत. अशा दिवशी गोळी परत आल्यावर घ्या, पण चुकवू नका, असं त्यांनी तिला वेळेचं गणित घालून दिलं. दवाखान्यातल्या त्या छोट्या खोलीत, दार अर्धं उघडं, पुढचा पेशंट दारात उभा, तिथे ती हे कधीच बोलली नव्हती.

पण माजघर मिळालं, सून समंजस निघाली आणि डॉक्टरांना बाकीच्यांना बाहेर काढायचं सुचलं, म्हणून हे झालं. हे जुळून येत नाही तिथे काय होतं याची मला खरोखर काळजी वाटते. कितीतरी घरांत स्मार्टफोन एकच आणि तो नवऱ्याचा. अंगावरून पांढरं जातंय, पाळी महिना महिना येत नाहीये किंवा थांबत नाहीये, रात्री झोप नाही, मारहाण होते आहे, हे ती बाई नवऱ्याने धरलेल्या फोनसमोर कशी बोलेल? दवाखान्यात निदान पडदा ओढून नर्स नवऱ्याला बाहेर थांबवू शकते. फोनवर खोलीत आणखी कोण बसलंय, हे डॉक्टरांना दिसतसुद्धा नाही. बायकांच्या तक्रारींसाठी व्हिडिओ कॉल सुरू करताना पहिला प्रश्न ‘जवळ कुणी आहे का?’ हाच असायला हवा, आणि उत्तर ‘हो-नाही’त देता येईल असा.

कायद्याचं म्हणाल तर या वाटेवर बराच काळ धुकं होतं. रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूनंतर, डॉक्टर हजर नसताना तिच्यावर फोनवरच्या सूचनांनुसार उपचार झाल्याच्या प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये संबंधित डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला. आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट, त्यामुळे गावोगाव बोलली गेली. त्यानंतर फोनवर साधं औषध सांगायलाही डॉक्टर कचरू लागले. मग कोविड आला आणि 25 मार्च 2020 ला, देश बंद झाला त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घराला माहीत हव्यात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असलाच पाहिजे. गुंगीची, व्यसन लागू शकणारी काही औषधं या मार्गाने लिहून देता येत नाहीत. पहिल्यांदाच भेटणारा पेशंट आणि जुना पेशंट यांच्यासाठी औषधांच्या याद्या वेगळ्या आहेत. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ‘हे फोनवर होणार नाही, समोर या’ असं सांगायचा अधिकार डॉक्टरांना कॉलच्या कुठल्याही टप्प्यावर आहे.

हा अधिकार वापरणारा डॉक्टर मी चांगला मानते. आमच्या सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीच्या पोटात दुखायला लागलं. तिने एका ॲपवर डॉक्टर गाठले. कधी न भेटलेले, पुन्हा कधी न भेटणारे. दोन-तीन मिनिटांत ॲसिडिटीचं निदान झालं, गोळ्या दारात आल्या. दुपारी दुखणं वाढलं तेव्हा तिच्या आईने गावाकडच्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. साधा फोन, व्हिडिओसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलंय का? जिना उतरताना जास्त दुखतं का? दोन्हीला ‘हो’ आल्यावर ते म्हणाले, “मी काही औषध सांगणार नाही. आत्ताच्या आत्ता सर्जनकडे ने.” त्याच रात्री अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. फोन दोघांच्याही हातात होता. दुसऱ्याला आपला हात तिथे पोचत नाही याचं भान होतं, आणि त्या मुलीला तो लहानपणापासून ओळखत होता. पोटदुखी, छातीत दुखणं, अचानक धाप, तोंड वाकडं होणं, तापात दूध न ओढणारं तान्हं बाळ, यांच्यासाठी व्हिडिओ कॉल लावत बसू नये. गाडी काढावी.

मनाच्या दुखण्याचं मात्र वेगळं आहे. तिथे बोलणं हीच बरीचशी तपासणी. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरावर रात्री-अपरात्री कुणी तरी ऐकून घेतं, आणि ज्या गावात मानसोपचारतज्ज्ञाच्या पायरीवर दिसणंही लोकांना नको असतं, तिथे हा आडपडदा उपकारक आहे.

पेशंटला दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवरून जोडणाऱ्या सरकारच्या ई-संजीवनीची मूळ मांडणीही मला याच कारणाने पटते. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने उभी केलेली ही सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली, तेव्हा पेशंटने घरून फोन लावावा अशी कल्पनाच नव्हती. ती सोय लॉकडाऊनमध्ये, एप्रिल 2020 मध्ये आली. आधीच्या रचनेत पेशंट गावच्या उपकेंद्रात येतो, तिथला समुदाय आरोग्य अधिकारी बीपी, साखर बघतो, हात लावून तपासतो आणि मग पलीकडच्या डॉक्टरांना जोडून देतो. म्हणजे तो तिसरा माणूस तिथे गृहीत धरलेला आहे, शिकलेला आहे, त्याच्या हातात यंत्रं आहेत. घरी वहिनी नसलेल्या म्हाताऱ्यांचं काय, या प्रश्नाला मला तरी हेच एक खरं उत्तर दिसतं. आमच्या वाडीत एकटी राहणारी माणसं थोडी नाहीत. मुलं मुंबईला, घरात एक आजी आणि एक मांजर. त्यांच्या हातात कितीही चांगला फोन दिला तरी त्यांची नडगी कोण दाबणार? आशाताई येते, पण तिच्याकडे आधीच किती कामं आहेत ते सगळे जाणतात. जिथे अधिकाऱ्याची खुर्ची महिनोन् महिने रिकामी राहते, तिथे टॅब, इंटरनेट, ॲप असून काही उपयोग होत नाही, हे मी जवळून बघितलंय आणि त्याचा मला राग येतो. पडद्यापलीकडचा तज्ज्ञ मिळवणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. पडद्याअलीकडचा माणूस नेमा, टिकवा, त्याला वेळेवर पगार द्या.

या गणपतीनंतर वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी डोंबिवलीला जाणार आहे, चांगले दोन-तीन महिने. दादा म्हणाला, मी करीन. वही कशी भरायची ते त्याला आलंय, पण त्याचा हात जड आहे, तो दाबतो तेव्हा आई कळवळते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, पुढच्या कॉलला दोघंही बसा, एकाच पायावर आधी ताईंनी दाबायचं, मग तुम्ही. माझ्या डोळ्याला दोन हातांमधला फरक कळू दे, नाहीतर सूज वाढली असं समजून मी उगाच गोळी वाढवीन. त्याआधी एकदा कोल्हापूरला जायचंच आहे. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचाय, आणि फुप्फुसं त्यांना स्वतःच्या कानाने ऐकायची आहेत. दादाने गाडी सांगून ठेवलीये. घाटात दोनदा थांबत जायचं असं ठरलंय, आणि लघवीची गोळी आई दवाखान्यात पोचल्यावर घेणार आहे.